पहिल्या टोपीची बारा नळकांडी

२५ फेब्रुवारी

साइटच्या रजिस्टरमध्ये मताला रकाना नाही. तारीख, वेळ, तापमान, सही, संपलं. आणि माझ्याकडे मतं भरपूर. म्हणून ही वही.

आज काबुगान बेटावर पोचले. माझ्या लोखंडी साच्यांची पेटी उचलताना होडीवाल्याने विचारलं, "यात काय, केकचे साचे?" मी म्हटलं, हो, शंभर वर्षं टिकणारा केक करायचाय. तो हसला नाही. बेट जवळ आल्यावर जुनी जेट्टी दिसली, तेव्हा कळलं का हसला नाही ते. एकोणीस वर्षांची जेट्टी. सळया गंजून फुगल्यात, काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत, मधले दोन गाळे तर समुद्रातच बसलेत. होडी अलीकडेच थांबते आणि पुढे कमरेइतक्या पाण्यातून चालायचं. आमच्या होडीत एक गरोदर बाई होती. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून किनाऱ्यावर नेलं. ती खुर्ची होडीत कायमच ठेवलेली असते म्हणे.

नव्या जेट्टीचं स्पेसिफिकेशन मी लिहिलंय. इलोइलो शहरातल्या ऑफिसात, एसीखाली बसून, चाळीस पानं. पाणी मोजून कमी, सिमेंटच्या जोडीला कोळशाची राख, सळईवर तीन इंच काँक्रीटचं पांघरूण, आणि छप्पन्न दिवसांनी मिठाची चाचणी: खारं पाणी आत किती शिरू शकेल ते विजेच्या प्रवाहाने मोजायचं. आयुष्य शंभर वर्षं. लिहिताना फार बरं वाटलं होतं. ती खुर्ची पाहिल्यावर पहिल्यांदाच वाटलं की आपण लिहिलंय ते खरंसुद्धा करायचंय.

संध्याकाळी कंत्राटदाराच्या मॅनेजरने, वेंडेल साहेबाने, मुकादमाची ओळख करून दिली. नोंग इल्डे (नोंग म्हणजे इकडे दादा), वय सदुसष्ट, अंगापिंडाने सुकटीसारखे. "जुनी जेट्टीसुद्धा यांनीच बांधलेली बरं का," साहेब हसत म्हणाला. नोंग इल्डे आपल्या चपलांकडे बघत राहिले.

२७ फेब्रुवारी

नोंग इल्डेंनी माझी चाळीस पानं वाचलीत. म्हणजे नातीकडून वाचून घेतलीत, तिच्या शाळेतल्या इंग्रजीत. मी ज्यांच्यासाठी ती लिहिली त्या इंजिनियरांपैकी एकानेही बाराव्या पानापुढे मजल मारलेली नाही. हा माणूस बाविसाव्या पानावर अडलाय आणि शंका विचारायला आलाय.

"इंदाय, तेव्हा आम्हांला कुणी सांगितलंच नाही," ते आपणहून म्हणाले. इंदाय म्हणजे इकडे पोरी. "वाळू किनाऱ्याची घेतली. पाणी समोरच होतं, तेच घातलं. मिठाने सळई खाल्ली जाते हे मला सहाव्या वर्षी कळलं, पहिली भेग पडली तेव्हा. माझं घर अगदी समोर आहे. रोज सकाळी खिडकी उघडली की तीच दिसते."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी बाविसावं पान समजावलं. अशी मी.

पान बावीस: प्रत्येक टोपीचे बारा नमुने. खांबांच्या डोक्यावर जी जाड लादी ओततात तिला इथे टोपी म्हणतात, सगळी जेट्टी तिच्यावरच बसते. ती ओतताना त्याच काँक्रीटची बारा नळकांडी भरायची, वीतभर उंच, चार इंच रुंद. ती पाण्यात सांभाळायची आणि ठरलेल्या दिवशी फोडून ताकद बघायची.

"म्हणजे टोपी कुणी तपासत नाही? या पोरांना तपासतात?"

"ही बारा म्हणजेच टोपी असं समजा, नोंग. ही पास तर टोपी पास. ही नापास झाली तर टोपी फोडायची."

"सगळी?"

"सगळी. जेट्टीचं नशीब या बारा जणांच्या हातात."

त्यांनी एक साचा उचलून आत डोकावून पाहिलं, बराच वेळ. मला माझ्या समजावण्याचा अभिमान वाटला. वर्गात असं लक्ष देणारा एक विद्यार्थी मिळाला तरी मास्तराचं सार्थक होतं.

१ मार्च

आज भांडण. म्हणजे मी भांडले, नोंग इल्डे ऐकत राहिले.

पहिली टोपी सोमवारी ओतायची. त्याआधी रक्त सांडायला हवं, माणसं त्याशिवाय फावड्याला हात लावणार नाहीत. मला यात नवं काही नाही, माझ्या वडिलांनी घराच्या पायात कोंबडा दिला होता. पण माझ्या काँक्रीटमध्ये रक्त नाही. रक्ताने काँक्रीटमध्ये फेस धरतो, फेस म्हणजे पोकळी, पोकळी म्हणजे मिठाला मोकळं दार. पान नऊ.

"पान नऊ मी वाचलंय," नोंग इल्डे म्हणाले.

"मग?"

"मग तूच सांग कुठे सांडायचं. समुद्राला काहीतरी द्यायला लागेल. मागच्या खेपेला आम्ही काहीच दिलं नव्हतं, घाईत होतो."

"मागच्या खेपेला तुम्ही मीठ दिलं होतं, नोंग." हे मी बोलायला नको होतं.

शेवटी तोडगा निघाला. तीन कोंबड्या, किनाऱ्यावरचा काळा खडक, टोपीपासून पंधरा पावलं लांब. टोपीत एक थेंबही पडणार नाही असा त्यांनी शब्द दिला. आईची शपथसुद्धा घेतली. इतक्या लवकर ऐकतील असं वाटलं नव्हतं. माणसाला नीट कारण दिलं की पटतं, हे माझं नेहमीचं मत आज सिद्ध झालं.

४ मार्च

पहिली टोपी ओतली. दमलेय पण खुशीत आहे.

पहाटे साडेचारला सुरुवात, कारण नऊ वाजले की इथे काँक्रीटला ताप चढतो. पाण्यात घालायला मासळीवाल्यांकडून बर्फ घेतला. त्यावरून बाजारात बोंबाबोंब, की सरकारी इंजिनियर आमच्या बांगड्यांचा बर्फ सिमेंटला चारते. तापमान एकोणतीस. स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ ते, मनासारखा. प्रत्येक गाडीपाशी मी स्वतः उभी होते. कुणी पाण्याच्या नळीकडे नुसतं पाहिलं तरी मी खाकरत होते.

खडकावरचा विधी त्याआधीच उरकला. मी लांबून पाहिला. नोंग इल्डेंनी खडकावर चार थेंब शिंपडले, कोंबड्या स्वयंपाकाला पाठवल्या. टोपीजवळ कुणी फिरकलं नाही. शब्दाचा पक्का माणूस.

बारा नळकांडी मी स्वतःच्या हाताने भरली. तीन थर, प्रत्येक थराला सळीचे पंचवीस ठोके, वर झाकण. नोंग इल्डे शेजारी उकिडवे बसून ठोके मोजत होते. मग मी जेवायला गेले, वीस मिनिटं, जास्त नाही. परत आले तर ते नळकांड्यांचे माथे थापीने गुळगुळीत करत होते. "जरा वाकडे होते, इंदाय." वाकडे नव्हते. पण आवड असेल तर करू दे.

जेवणात एकच कुरबूर झाली. कँटीनच्या मानांग सालिंगने (मानांग म्हणजे ताई) पपईच्या रश्श्यातली कोंबडी वाढता वाढता तक्रार केली, "तीन कोंबड्या आल्या आणि वाटीभर रक्त नाही. तांदूळ कालवून शिजवलं असतं तर तुम्हीच बोटं चाटली असती." मी म्हटलं खडकावर गेलं असेल. ती म्हणाली, "खडक मी पाहिला. खडकावर डास मारल्याएवढं आहे." या बाईला स्वयंपाकापलीकडे काही दिसत नाही.

५ मार्च

साचे उघडले. नळकांडी जरा कच्ची, दोघांच्या कडा बोटाने चुरल्या. राख घातली की काँक्रीट हळू घट्ट होतं, ते माहीत होतं. रंगही किंचित तांबूस. राखेचाच असणार. नवीन खेप आहे.

साइटवरच्या कुत्र्याला, तुयोला, माझ्या साच्यांचा लळा लागलाय. एकेक साचा चाटून पुसून लख्ख केला त्याने. फक्त बारा नंबरचा हुंगला आणि सोडून दिला. मी त्याला म्हटलं, तुला महिन्याचा पगार सुरू करते.

नळकांडी चुन्याच्या पाण्याच्या टाकीत ठेवली. नोंग इल्डे दिवसातून दोनदा टाकीत डोकावतात. आजारी पोराला बघायला गेल्यासारखे.

११ मार्च

सात दिवस झाले. तीन नळकांडी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन इलोइलोला गेले. होडीत एका म्हातारीने मला जागा दिली, तिला वाटलं बाळ आहे. प्रयोगशाळेच्या मशीनखाली तिन्ही फोडली. आकडे कमी. बरेच कमी.

राख. सात दिवसांत राखेचं कामच सुरू होत नाही. घाबरायचं कारण नाही, हे मी आज चार वेळा स्वतःला सांगितलं.

१ एप्रिल

अठ्ठावीस दिवस. पंचेचाळीसचा आकडा हवा. चिठ्ठ्या टाकून तीन नळकांडी निवडली, म्हणजे पक्षपात नको.

तीस.

एकतीस.

बावन्न.

मशीनवाल्याला मी मशीन तपासायला लावलं. त्याने तपासलं आणि जांभई दिली. बावन्नवालं कुठलं ते पाहिलं, तर बारा नंबर. आतून घट्ट, दगडासारखं. बाकीच्या दोघांच्या तुकड्यांत बारीक बारीक भोकं, पावाचा गर असावा तशी. ठोके मी कमी दिले का? पंचवीसच दिले. नोंग इल्डेंनीही मोजले होते.

माझ्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय की एक आकडा फारच वेगळा आला तर तो बाजूला ठेवा. म्हणजे तिघांत एकच शहाणं निघालं तर त्यालाच वेडं ठरवायचं. बावन्न बाजूला ठेवला. पहिली टोपी नापास.

परतताना होडीत ती प्लास्टिकची खुर्ची माझ्या पायाशी होती.

३ एप्रिल

दुसऱ्या टोपीचं काम थांबवलंय. वेंडेल साहेब आला, सोबत पेटीभर आंबे घेऊन. म्हणजे काहीतरी हवं होतं.

"सरळ आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने पाणी घातलं. जुनी खोड. तुम्ही तसं पत्र लिहा, मी त्याला घरी पाठवतो, टोपी फोडतो, माझा माणूस आणून नव्याने ओततो. तुमच्या स्पेसिफिकेशनला बोट लागणार नाही."

"मी प्रत्येक गाडीपाशी उभी होते."

"सगळा वेळ?"

सगळा वेळ, वीस मिनिटं सोडून.

साहेब गेल्यावर मी नोंग इल्डेंना ऑफिसात बोलावलं. माझं मन आधीच वाईट झालं होतं, त्यामुळे सरळच विचारलं, "मी जेवायला गेले होते तेव्हा काय केलंत?"

ते म्हणाले, "नळकांड्यांचे माथे सारखे केले."

"बस?"

"टोपीला मी हात लावला नाही, इंजिनियर. तुम्हांला शब्द दिला होता."

इंजिनियर. तुम्ही. महिनाभर मी इंदाय होते. कान मात्र लाल झाले होते त्यांचे, लपवणाऱ्या माणसाचे होतात तसे. मी विचारलं, टोपी फोडावी लागली तर? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जुनी जेट्टी होती आणि तिच्या पलीकडे नवी, एका टोपीची.

"एका माणसाने दोनदा तेच करावं," ते म्हणाले, "याला काय म्हणायचं?"

मी याला कबुली समजले. पत्र लिहिलं. सही केली नाही. तो बावन्नचा आकडा आडवा येतो. पाणी घातलं असतं तर सगळ्याच गाडीत घातलं असतं, मग एकटं बारा नंबरच कोरडं कसं राहिलं?

आंबे मात्र गोड होते. खाल्ले याची लाज वाटते.

८ एप्रिल

पत्र अजून टेबलाच्या खणात. साहेबाला सांगितलं की नियमाप्रमाणे आधी टोपीतूनच तुकडे काढून तपासायचे, ते नापास झाले तरच फोडायचं. तो म्हणाला, "वेळ घालवताय." घालवतेय.

आज हिऱ्याच्या दातांचं यंत्र लावून टोपीत सहा भोकं पाडली. मीच लिहिलेलं तीन इंचांचं पांघरूण, मीच भोसकलं. सळया चुकवत, माप घेत, सकाळपासून दुपारपर्यंत. नोंग इल्डे शेजारी उभे होते, टोपीवर हात ठेवून. यंत्र सुरू झालं की डोळे मिटायचे. तुयो लांब जाऊन बसला.

९ एप्रिल

आजचं नीट लिहून ठेवते. एवढं लिहिताना मला दोनदा उठून फेऱ्या माराव्या लागल्या.

सकाळी ऑफिसच्या दाराला डुक्कर बांधलेलं. चांगलं धष्टपुष्ट, काळं, मागच्या पायाला दोरी. शेजारी नोंग इल्डे, धुतलेला सदरा घालून.

"हे काय?"

"दुसऱ्या टोपीसाठी. काम सुरू होईल तेव्हा. मी नसलो तरी हे असू दे."

"नोंग, हे नातीची शाळा संपली की मेजवानीला ठेवलेलं डुक्कर ना? मानांग सालिंग सांगत होती, दोन वर्षं वाढवताय."

"नात म्हणाली, जेट्टी आधी." त्यांनी डुकराच्या पाठीवरून हात फिरवला. "कोंबड्यांनी भागलं नाही, इंजिनियर. माझाच कंजूषपणा. तीन कोंबड्यांत कितीसं निघतं? अकरांनाच पुरलं. बाराव्याच्या वाट्याला आलंच नाही."

मी खुर्चीत बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब.

"अकरा काय?"

"नळकांडी."

"तुम्ही नळकांड्यांत रक्त घातलंत."

"दीड-दीड चमचा." त्यांनी घाईघाईने पुढे सांगितलं, "टोपीत एक थेंब नाही. आईची शपथ घेतली होती मी. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, जेट्टीचं नशीब या बारा जणांच्या हातात. मग टोपीला देऊन काय उपयोग? ज्यांची परीक्षा, त्यांना द्यायला नको? वाटी आधीच बाजूला काढून ठेवली होती. ओतलं आणि तुमच्यासारखेच पंचवीस ठोके दिले, मोजून."

फेस. मी स्वतः त्यांना फेसाबद्दल सांगितलं होतं. पान नऊ त्यांना पाठ होतं. टोपीपुरतं. मी पान नऊ आणि पान बावीस एकत्र कधी वाचलंच नव्हतं.

मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. नोंग इल्डेंना वाटलं मला फिट आली. त्यांनी मानांग सालिंगला हाक मारली. ती पाणी घेऊन आली, सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं, रक्त कुठे गेलं."

"म्हटलं होतंस."

"माझं कोण ऐकतं."

मग मी नोंग इल्डेंना समजावलं. समजावलं म्हणजे बारा नंबरचा तुकडा आणि सात नंबरचा तुकडा त्यांच्या दोन हातांत दिला. त्यांनी दोन्ही उन्हात धरले. भोकांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मीच नापास केलं त्यांना."

"नळकांड्यांना. टोपीला नाही. टोपीचं अजून कळायचंय."

"आणि रक्त न मिळालेलं पोर पास झालं."

"हो."

त्यांनी बारा नंबरचा तुकडा खिशात टाकला. विचारलंसुद्धा नाही. पत्र मी त्यांच्यादेखत फाडलं. त्यात काय होतं ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. डुकराची दोरी मी स्वतः सोडली. ते लगेच कँटीनकडे पळालं.

१० एप्रिल

फक्त गोष्ट ऐकून कुणी टोपी पास करत नाही. वेंडेल साहेब फोनवर म्हणाला, "रक्ताची कथा छान आहे. अहवालात काय लिहू, कोंबडी?" म्हणून आज त्याच मिश्रणाची आठ नळकांडी भरली. चार कोरी, चार रक्ताची. रक्त नोंग इल्डेंनी घातलं, अगदी त्या दिवशीसारखं, दीड-दीड चमचा. मी घड्याळ लावलं आणि सगळं लिहून घेतलं. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत "कोंबडीचं रक्त, २२ मिली" हे रजिस्टरमध्ये पहिल्यांदाच लिहिलं.

उरलेलं रक्त मानांग सालिंगने तांदूळ घालून शिजवलं. खरंच बोटं चाटली.

१२ एप्रिल

टोपीतल्या तीन तुकड्यांचे आकडे आले: सत्तेचाळीस, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस.

होडीतून उतरले तर नोंग इल्डे कमरेइतक्या पाण्यात उभे. मी तिथूनच आकडे ओरडून सांगितले. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली आणि पुढे चालू लागले. किनाऱ्यावर पोचल्यावर म्हणाले, "जेवलीस का, इंदाय?"

पुन्हा इंदाय झाले.

१७ एप्रिल

पवित्र सप्ताह, सगळं बंद होत चाललंय. प्रयोगशाळेत मशीनवाला एकटाच होता. सात दिवसांची नळकांडी फोडली. कोरी दोन: छत्तीस, सदतीस. रक्ताची दोन: एकोणीस, वीस. आतून तीच पावासारखी भोकं. मशीनवाल्याने यावेळी जांभई दिली नाही, फोटो काढला.

अहवाल साहेबाला पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: मुकादम तोच राहू दे.

३० एप्रिल

मिठाची चाचणी. हीच खरी. ताकद काय, आज आहे. समुद्र मात्र रोज येणार.

काल छप्पन्न दिवस पुरे झाले. टोपीतल्या उरलेल्या तीन तुकड्यांच्या चकत्या कापून यंत्रात लावल्या होत्या, आज सहा तास वीज सोडली. माझ्या स्पेसिफिकेशनमध्ये हजारच्या खालचा आकडा मागितला होता. लिहिताना ऑफिसातले लोक म्हणाले होते, बाई, बेटावर हजार कुठून आणणार. सरासरी आली सातशे चाळीस.

नोंग इल्डे यंत्रासमोर सहा तास स्टुलावर बसून होते. सगळं झाल्यावर विचारलं, "म्हणजे किती वर्षं?"

"शंभर. कदाचित जास्त."

"तेव्हा तपासायला कोण येणार?"

"तुम्ही नाही, मीही नाही."

"मग कुणाला कळणार कुणी बांधली?"

"कुणालाच नाही कळणार."

त्यांना ते फार आवडलं. होडीत बसेपर्यंत ते स्वतःशीच दोनदा म्हणाले, कुणालाच नाही.

२ मे

दुसरी टोपी ओतली.

खडकावर यावेळी एकच कोंबडी. रक्ताची वाटी नोंग इल्डेंनी सगळ्यांदेखत मानांग सालिंगच्या हातात दिली आणि तिच्याकडून तशी साक्ष वदवून घेतली. नळकांडी मी भरली तेव्हा ते दहा पावलांवर पाठ करून बसले होते. मी म्हटलं, नोंग, बघितलंत तरी चालेल. म्हणाले, "नको. माझा मला भरवसा नाही."

पहिल्याच गाडीचा स्लंप घेताना पत्र्याच्या शंकूची धार माझ्या अंगठ्याला लागली. चांगलं कापलं. मी हात मागे घेईपर्यंत एक थेंब काँक्रीटच्या ट्रेमध्ये पडला. सगळी माणसं थांबली. मी स्वतःच लिहिलेलं पान नऊ आठवत उभी, आणि अंगठा टपकतोय.

"नमुना रद्द," मी म्हटलं. "नोंग, हा ट्रे टाकून द्या. नवा घेऊ."

"टाकतो," ते म्हणाले. फार नम्रपणे म्हणाले.

मानांग सालिंगने अंगठ्याला पट्टी बांधेपर्यंत दहा मिनिटं गेली. परत आले तर ट्रे धुऊन पालथा ठेवलेला, कोरडासुद्धा झालेला. नोंग इल्डे टोपीच्या मधोमध गुडघ्यावर बसून हाताने एक जागा सारखी करत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

नवा नमुना घेतला, स्लंप बरोबर आला. बावीस घनमीटर काँक्रीटला एक थेंब म्हणजे किती, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला आणि सोडून दिला.

रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना क्रमांक एक रद्द, कारण इंजिनियरचं रक्त. ट्रे कुठे रिकामा केला ते मी विचारलं नाही. तसा रकानाही नाही.